गोल्फ क्लबांच्या कमिट्यांना, एका कॅडीच्या मुलीचं खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या आणि देशातल्या सगळ्या गोल्फ क्लबांचे कमिटी मेंबर, कॅप्टन, सेक्रेटरी,

सगळ्यांना नमस्कार.

मी तुमच्यापैकी कुठल्याच क्लबची मेंबर नाही, पण गोल्फ मला लहानपणापासून माहितीये कारण माझ्या पप्पांनी 31 वर्षं कॅडीचं काम केलं, म्हणजे खेळाडूची बॅग उचलून त्याच्यासोबत कोर्सभर चालायचं. महाराष्ट्रातल्याच एका क्लबमध्ये. नाव लिहीत नाही, एकतर हे एका क्लबबद्दल नाहीये आणि दुसरं म्हणजे पप्पांना ते चालणार नाही, ते आजसुद्धा त्या कोर्सला "आपला कोर्स" म्हणतात.

सुरुवात कुठून करू कळत नाहीये म्हणून 7 ऑगस्ट 2021 पासून करते. शनिवार होता, पप्पांनी मला पहाटे अंधारातच उठवलं, म्हणाले ऊठ, अदितीचा शेवटचा राउंड आहे. टोकियो ऑलिम्पिक. त्या दिवशी सकाळी आमच्या चाळीतले लोक, ज्यांनी आयुष्यात गोल्फचा बॉल हातात धरला नव्हता ते पण मोबाइल घेऊन बसले होते, आणि पप्पा सगळ्यांना सांगत होते बर्डी म्हणजे काय, पार म्हणजे काय, आता हिने इथे जोर का कमी केला. शेजारचे काका सारखं विचारायचे, मेडल मिळणार का, आणि पप्पा म्हणायचे थांब रे, पट बघू दे (पट म्हणजे बॉल होलमध्ये घालायचा हलका फटका). अदिती अशोक चौथी आली. 15 अंडर, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) 15 कमी, आणि ब्राँझवाली लिडिया को 16 अंडर, म्हणजे चार दिवस खेळून एका फटक्याचा फरक. संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं आणि सगळा देश तिकडे वळला ते बरोबरच आहे, पण आमच्या घरात रात्री जेवताना पण विषय एकच. पप्पा मेडलबद्दल बोलतच नव्हते. ते म्हणत होते, "बघितलंस का, बॅग तिच्या आईने उचलली होती."

टोकियोत अदितीची कॅडी तिची आई होती आणि त्याआधी 2016 ला रिओमध्ये वडील होते. बातम्यांमध्ये यावर किती कौतुकाने लिहून आलं, आईची माया वगैरे, ते सगळं खरंच आहे. पण पप्पांना वेगळंच काहीतरी दिसलं असणार, पहिल्यांदाच टीव्हीवर कोणीतरी कॅडीचं नाव घेऊन बोलत होतं.

तुम्हाला कॅडीचं काम माहितीच आहे तरी मी सांगते, कारण हे पत्र जे कोर्सवर कधी गेले नाहीत ते पण वाचतील. पहाटे पाचला कॅडी शेडमध्ये हजेरी, नंबर लागतो, कॅडी मास्तर हाक मारेल तेव्हा बॅग खांद्यावर. बॅगेत नियमाप्रमाणे 14 स्टिक असतात, वर बॉल, छत्री, पाणी, टॉवेल, सगळं मिळून दहा-बारा किलो सहज होतं, आणि 18 होल म्हणजे सात-आठ किलोमीटर चालणं, उन्हात पण आणि चिखलात पण. नुसतं ओझं वाहायचं असतं तर गोष्ट वेगळी. बॉल कुठे पडला ते नजरेने पकडायचं, बंकरमधली रेती ओढून सारखी करायची, उखडलेलं गवत जागेवर दाबायचं, आणि साहेबांनी सात नंबरच्या स्टिकला हात घातला की हळूच म्हणायचं, "साहेब, वारा समोरून आहे, सहा घ्या." मारलेला शॉट बरोबर बसला तर साहेबांचा, चुकला तर कॅडीने चुकीचं सांगितलं. पप्पा हे अजिबात तक्रार म्हणून सांगत नाहीत, त्यांच्या मते हा कामाचाच भाग आहे.

ग्रीन वाचणं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर बॉल कसा पळेल ते ओळखणं, ही तर विद्याच आहे. मी पाचवीत असताना पप्पा मला महापालिकेच्या बागेत घेऊन गेले आणि लॉनवर उकिडवे बसले, मला पण बसवलं. म्हणाले इकडून बघ, गवत चकाकतंय ना, म्हणजे ते तुझ्यापासून लांबच्या बाजूला झुकलंय, बॉल पळणार. आता पलीकडे जाऊन बघ. मी पलीकडे गेले तर तेच गवत काळपट दिसत होतं. म्हणाले इथून गवत तुझ्याकडे तोंड करून आहे, बॉल अडणार, इथून थोडं जोरात. मग चप्पल काढायला लावली आणि डोळे मिटून चालायला सांगितलं, उतार पायाला कळतो म्हणाले, डोळा फसतो, पाय फसत नाही. ती बाग अजून आहे, मी आजही तिथून गेले की लॉनकडे दोन्ही बाजूंनी बघते.

आता मुद्द्यावर येते, तो लिहायला मला तीन आठवडे लागलेत.

2016 च्या मे महिन्यात पप्पा आगेवाला म्हणून पुढे उभे होते. वाचणाऱ्यांसाठी सांगते, आगेवाला म्हणजे जो फटका मारायच्या आधीच दोनशे मीटर पुढे जाऊन थांबतो, बॉल कुठे जातोय बघायला, म्हणजे बॉल ज्या दिशेने येणार त्याच दिशेला माणूस उभा करायचा. मागून "फोर" अशी आरोळी आली, पप्पांनी वळून बघितलं आणि बॉल डाव्या डोळ्याखाली बसला. हाड मोडलं. क्लबमधून बर्फ मिळाला, रिक्षाचं भाडं मिळालं, ज्यांचा फटका होता त्यांनी खिशातून दोन हजार दिले आणि दोनदा फोन करून चौकशी पण केली, माणूस वाईट नव्हता. पण हॉस्पिटलचं बिल आमचं आम्ही भरलं, आईच्या बांगड्या गेल्या, दोन महिने काम नाही म्हणजे दोन महिने पैसे नाहीत, कारण कॅडीला राउंड केला तर पैसे. डाव्या डोळ्याला तेव्हापासून अंधुक दिसतं. बॉल हवेत दिसेना म्हणून आगेवाल्याचं काम बंद झालं, मग लांबचे शॉट पण दिसेनात, मग चांगले खेळाडू दुसरा कॅडी मागायला लागले. शेवटची चार वर्षं पप्पांनी नवशिक्यांच्या बॅगा उचलल्या. त्यांना पायाने ग्रीन कळायचं, पण नवशिक्याला ग्रीनपर्यंत पोचायलाच दहा फटके लागतात.

मी ऑफिसमध्ये गेले होते तेव्हा. बोलणारे सभ्यपणे बोलले, म्हणाले तुझे वडील आमचे एम्प्लॉई नाहीत, मेंबर त्यांना परस्पर पैसे देतात. कागदावर ते खरंच होतं. पण गेटपास क्लबचा, नंबर क्लबचा, जॅकेट क्लबचं, किती पैसे घ्यायचे ते क्लब ठरवणार, उशिरा आला तर आठवडाभर बंद तेही क्लब ठरवणार, आणि डोळ्यावर बॉल बसला की तो माणूस कोणाचाच नाही, हे मला तेव्हा पण समजलं नाही आणि आज पण समजत नाही.

मी एका बँकेत काम करते म्हणून एक आकडा सांगते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना 2015 पासून आहे, बचत खातं असलेल्या 18 ते 70 वयाच्या कोणालाही घेता येते, हप्ता आता वर्षाला 20 रुपये आहे, तेव्हा 12 होता. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख, एक डोळा पूर्ण गेला तर 1 लाख. पप्पांचा डोळा पूर्ण गेला नाही म्हणून त्यांना कदाचित काहीच मिळालं नसतं, ते मला माहितीये, यात हॉस्पिटलचं बिल पण येत नाही. तरीपण शेडमधल्या किती जणांकडे एवढं तरी आहे हे मी विचारलं होतं, चाळीस जणांत तिघांकडे. भारी कंपनीचा एक नवा बॉल जेवढ्याला येतो ना, जो पहिल्याच होलला पाण्यात जातो आणि कोणी मागे वळून बघत पण नाही, तेवढ्या पैशात दहा-पंधरा कॅडींचा वर्षाचा हप्ता भरला जातो. 300 कॅडी असले तरी 6000 रुपये. कुठल्याही क्लबच्या एका संध्याकाळच्या बिलात बसेल एवढी रक्कम आहे. आणि त्याच्यावर एक ग्रुप मेडिक्लेम, निदान कोर्सवर झालेल्या इजेपुरता, तो महाग पडेल मान्य आहे, पण प्रत्येक राउंडमागे मेंबरकडून आणि गेस्टकडून थोडे थोडे रुपये घेतले तर निघतो. बॉल आणि ग्रीन फी यावर एवढा खर्च करणारा माणूस त्याला नाही म्हणेल असं मला वाटत नाही. मी मेंबर लोकांना ओळखते, माझी दहावीची फी एका मेंबर मॅडमनी भरली होती, न मागता.

2020 च्या लॉकडाऊनबद्दल जास्त लिहीत नाही. मार्चमध्ये कोर्स बंद झाले, कॅडींचा पैसा त्या दिवसापासून शून्य. काही मेंबरनी वर्गणी काढून रेशन पाठवलं, ते आम्ही विसरलो नाही. पण डाळ-तांदळाच्या पिशवीसाठी लाइनीत उभं राहताना पप्पांची मान खाली होती, तीस वर्षं एकाच जागी काम केलेला माणूस. 2021 मध्ये ई-श्रम पोर्टल आलं, त्यात कॅडीची नोंद असंघटित कामगार म्हणून होऊ शकते, तेवढं तरी क्लबनी बसवून करून घ्यायला हवं होतं. आमच्या शेडमध्ये कोणी सांगायला पण आलं नाही.

आणि तुम्ही म्हणाल की हे सगळं पोटापाण्याचं झालं, यात गोल्फ कुठाय. गोल्फच सांगते मग.

इंडियन ओपन ही आपल्या देशातली गोल्फची मोठी स्पर्धा, ती 1964 ला सुरू झाली, पहिली ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने जिंकली, पुढच्या वर्षी आपला बिल्लू सेठी, तोही अमॅच्युअर, म्हणजे पैशासाठी न खेळणारा. त्यानंतर भारतीय माणसाला जिंकायला 26 वर्षं लागली, आणि 1991 ला जो जिंकला तो अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी. 1993 ला परत तोच. 2009 ला जिंकला बंगलोरचा मुनियप्पा, तोही कॅडीच. 2013 ला बांगलादेशचा सिद्दिकुर रहमान जिंकला, ढाक्याच्या कोर्सवर बॉल उचलणारा आणि बॅगा वाहणारा पोरगा होता तो. 2016 आणि 2017, लागोपाठ दोन वर्षं, एस. एस. पी. चौरसिया, ज्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीन राखायचे. 1829 चा क्लब आहे तो, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना, आणि त्या क्लबच्या ग्रीनकीपरचा मुलगा बघून बघून शिकला आणि रिओ ऑलिम्पिकला भारताकडून खेळला. पप्पांना ही नावं देवाच्या नावासारखी पाठ आहेत. शेडमध्ये अली शेरचा पेपरातला फोटो चिकटवलेला होता, पिवळा पडलेला, पावसाळ्यात भिंत ओली होऊन सुटायचा आणि कोणीतरी परत चिकटवायचं.

या लोकांना कोणी अकॅडमीत घातलं नव्हतं. ते कोर्सच्या आत होते एवढंच, सोमवारी कोर्स मेंबरसाठी बंद असला की कॅडींना खेळू द्यायचे, तेवढ्यावर ते तयार झाले. ती सोमवारची पद्धत बऱ्याच ठिकाणी अजून आहे पण कमी कमी होत चाललीये, कुठे मेन्टेनन्सचं कारण, कुठे सोमवारी कंपन्यांच्या टुर्नामेंट, कुठे महिन्यातून एकदा फक्त नऊ होल. पप्पांच्या क्लबमध्ये आधी दर सोमवारी होतं, निघताना वर्षातून दोनदा राहिलं होतं.

चेंबूरच्या वस्तीतल्या पोरांचे गल्लीत गोल्फ खेळतानाचे फोटो तुम्ही बघितले असतील, परदेशातल्या मासिकांमध्ये पण छापून आले. ते फोटो बघून लोकांना नवल वाटलं, मला नाही वाटलं कारण आमच्या गल्लीत पण तेच होतं. बांधकामावरची सळई आणायची, गॅसवर लाल करून टोक वाकवायचं, दगडाने ठोकून चपटं करायचं, पकडायच्या बाजूला सायकलची ट्यूब गुंडाळायची. बॉल प्लास्टिकचा, खरा बॉल मारला तर काच फुटणार. पहिलं होल नळाजवळ, दुसरं गणपतीच्या मांडवाच्या खांबाला, तिसरं गटाराच्या पलीकडे, त्याला आम्ही वॉटर हझर्ड म्हणायचो. एवढ्याशा जागेत खेळून त्या पोरांचे छोटे शॉट असे बसायचे की काय सांगू, उंच उडून जागेवर थांबायचे, कारण पुढे गेला की गटारात.

मी पण खेळायचे. पप्पांना एका साहेबांनी जुनी सात नंबर दिली होती, ती त्यांनी माझ्या उंचीची कापून दिली. अकरा वर्षांची होते, वर्षातून एकदा कॅडींच्या पोरांना आत बोलवायचे, लकी ड्रॉ आणि समोसा असायचा, आणि रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, प्रत्येकाला दहा बॉल. मी ती कापलेली सात नंबर घेऊन लाइनीत उभी राहिले, नंबर आला तेव्हा सांगितलं, पोरींसाठी नाहीये, पोरींची रांगोळी स्पर्धा तिकडे आहे. मी रांगोळी काढली. तिसरा नंबर आला, स्टीलचा डबा मिळाला, तो अजून घरात आहे.

त्याच देशातली अदिती अशोक रिओला गेली तेव्हा 18 वर्षांची होती. दीक्षा डागर, जिला जन्मापासून ऐकू येत नाही, तिचे वडील आर्मीतले, ती डेफलिंपिक्समधून, म्हणजे कर्णबधिरांच्या ऑलिम्पिकमधून, गोल्ड घेऊन आली. या मुलींचं करावं तेवढं कौतुक कमी आहे. दोघींना लहानपणी कोणीतरी गेटच्या आत सोडलं होतं, म्हणून त्या दिसल्या. शेडच्या मागे अजून किती असतील ते बघायला तुम्हाला गेटच उघडावं लागेल, मला जे मागायचंय त्यातलं हे सगळ्यात स्वस्त आहे. रेंज संध्याकाळी रिकामी असते. फाटलेले रेंजचे बॉल असतात. मेंबरांच्या घरी माळ्यावर जुन्या स्टिक पडलेल्या असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी कॅडींच्या, माळ्यांच्या आणि जवळच्या महापालिका शाळेतल्या पोरापोरींना आत घ्या. पोरींना पण, हे परत लिहितेय मुद्दाम. शिकवायला बाहेरून कोच आणायची गरज नाही, शेडमध्ये बसलेल्यातले दहा जण तुमच्या निम्म्या मेंबरांपेक्षा चांगलं खेळतात, हे तुम्हाला पण माहितीये.

आता पर्यटनाचं. सरकार गोल्फ टुरिझम म्हणून जाहिरात करतंय, गुलमर्ग, श्रीनगरचा रॉयल स्प्रिंग्स, शिमल्याजवळ नालदेहरा जो कर्झनच्या काळातला आहे, शिलाँग, सगळी सुंदर ठिकाणं आहेत आणि बाहेरच्या लोकांनी यावं असं मला पण वाटतं. (गोव्यात गोल्फच्या नावाखाली जमीन आणि पाणी जाणार म्हणून लोक इतकी वर्षं विरोध करतायत, त्यांचं मला पटतं, पण तो विषय मोठा आहे, या पत्रात नको.) माझं म्हणणं एवढंच की परदेशातून जो माणूस खेळायला येतो तो तिकडे बहुतेक वेळा आपली बॅग आपणच ओढत असतो, इथे त्याच्यासोबत चार-साडेचार तास एक माणूस चालतो, झाडाचं नाव सांगतो, मोराकडे बोट दाखवतो, बॉल शोधून देतो, चुकला तर धीर देतो. तो पाहुणा घरी जाऊन ज्याची आठवण सांगणार तो माणूस हा आहे. ब्रोशरमध्ये हिरवं गवत असतं, सूर्यास्त असतो, त्या माणसाचा फोटो कुठेच नसतो, आणि आता तर बऱ्याच ठिकाणी कार्ट आल्या, दोन खेळाडूंमागे एकच कॅडी, तोही मागे लटकून, म्हणजे काम निम्म्यावर आलं.

सिडकोने खारघरला सरकारी कोर्स काढला, दिल्लीत कुतुबजवळ डीडीएचा (दिल्लीच्या सरकारी विकास प्राधिकरणाचा) आहे, म्हणजे मेंबर नसलेल्या माणसालाही गोल्फ खेळता यावं ही कल्पना काही मी नवीन काढलेली नाही. बऱ्याच जुन्या क्लबांच्या जमिनी पण सरकारी लीजवरच्या आहेत. मी जमीन मागत नाहीये. मला तर कोर्स राहायलाच हवेत, मुंबई-पुण्यात एवढी झाडं अजून कुठे उरलीयेत.

पप्पा आता घरी असतात. उजव्या डोळ्याने पेपर वाचतात. मागच्या महिन्यात त्यांना घेऊन क्लबच्या बाहेरून जात होते, गेटवरच्या वॉचमनने ओळखून सॅल्यूट केला आणि पप्पांनी मला थांबवून कुंपणातून आत बघितलं, बराच वेळ, मग म्हणाले, "सातव्याचं ग्रीन यावेळी फार बारीक कापलंय, उन्हात जळेल."

तर माझी एक विनंती आहे आणि ती लगेच करता येण्यासारखी आहे. सुरक्षा विम्याचा फॉर्म एक पानाचा आहे, आधार आणि पासबुक लागतं, माणशी पाच मिनिटं. ई-श्रमला अजून दहा मिनिटं. विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं. मी आणि माझ्या बँकेतल्या दोन मैत्रिणी सुट्टी टाकून यायला तयार आहोत, कुठलाही क्लब असू दे, मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, फक्त आधी कळवा म्हणजे रजा टाकता येईल. तुमच्याकडून कॅडींची यादी हवी, शेडमध्ये एक टेबल आणि तीन खुर्च्या हव्यात, आणि फोन चार्ज करायला एक पॉइंट. सोमवार असेल तर बरं, त्या दिवशी सगळे मोकळे असतात. पप्पा पण येणार म्हणतायत, लाइनीत कोणाचा नंबर कधी ते त्यांना नीट सांभाळता येतं.

आपली,
एका कॅडीची मुलगी